मदत हवी आहे : पाटी नसलेल्या जुन्या ऑईल इंजिनची एचपी गणितानं कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याकडं आमची कोरडवाहू शेती आहे. वडिलांनी विहिरीवर बसवलेलं लिस्टर छाप ऑईल इंजिन बावीस वर्षं शेडात पडून होतं. दिवाळीनंतर ते खोललं. रिंगा, नोझल, हेड गॅस्केट नवीन घातलं, आणि पाचव्या हँडलला इंजिननं धरलं. आवाज ऐकून आई घरातून शेडापर्यंत चालत आली आणि चाकाकडं बघत बराच वेळ उभी राहिली. त्यामुळं हे इंजिन भंगारात घालायचं नाही, कामाला लावायचं, एवढं ठरलंय.

काम म्हणजे कडबा कुट्टी, जनावरांसाठी कडबा बारीक कापायचं मशीन. मालदांडी ज्वारीचा कडबा जाड असतो. मशीनवाला म्हणतो ५ एचपी लागेल. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री, म्हणून मोटारीवर अवलंबून राहायचं नाही. पण इंजिनची पाटी कधीच निघून गेलीय. गावातले जाणते म्हणतात १० एचपीचं आहे, मेस्त्री म्हणतात सहाच्या वर नाही. पैसे घालायच्या आधी मला नक्की आकडा पाहिजे.

हेड उघडं होतं तेव्हा मापं घेतली. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ११४.३ मिमी, वरच्या रिंगेच्या जागी झिजून ११४.५. स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) जवळपास १४० मिमी. फेऱ्या मिनिटाला ६५०, मित्राच्या टॅकोमीटरवर बघितल्या. पुतण्याच्या आयटीआयच्या वहीत आयएचपीचं, म्हणजे सिलिंडरच्या आत तयार होणाऱ्या ताकदीचं, हे सूत्र मिळालं :

आयएचपी = दाब × स्ट्रोक × पिस्टनचं क्षेत्रफळ × मिनिटाचे पॉवर स्ट्रोक ÷ ४५००

दाब किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये, स्ट्रोक मीटरमध्ये, क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये. इंजिन फोर स्ट्रोक, दोन फेऱ्यांत एकच पॉवर स्ट्रोक, म्हणून ३२५ धरले. क्षेत्रफळ १०२.६ आलं. दाबाच्या जागी कॉम्प्रेशन गेजवरचे २८ घातले, तर उत्तर २९ एचपी. तीनदा करून बघितलं. एवढं हे इंजिन देत नाही हे मलाही कळतं. चूक कुठं होतेय?

प्रतिसाद १

दादा, मापं आणि ३२५ बरोबर आहेत, चूक फक्त दाबात आहे. मी डिप्लोमाच्या पोरांना हेच शिकवायचो आणि निम्मा वर्ग इथंच अडकायचा.

गेजवर दिसतो तो पिस्टन वर आल्यावरचा एका क्षणाचा दाब. सूत्रात लागतो तो मीन इफेक्टिव्ह प्रेशर. पिस्टन खाली जाताना दाब सारखा उतरत जातो, शिवाय हवा दाबायला इंजिनला स्वतःचंच काम खर्चावं लागतं. हे सगळं वजा करून, पूर्ण स्ट्रोकभर एकसारखा दाब असता तर तेवढंच काम झालं असतं, असा जो दाब निघतो तो सूत्रात घालायचा. गेज तो दाखवत नाही. त्यासाठी सिलिंडरमधल्या दाबाचा आलेख काढावा लागतो. वाफेच्या इंजिनांसाठी जेम्स वॅट आणि त्याचा सहकारी जॉन सदर्न यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी इंडिकेटर बनवला तो याचसाठी, आणि ‘इंडिकेटेड’ हॉर्सपॉवर हे नावही त्यावरूनच आलं.

मापं मूळ लिस्टर ६/१ ची आहेत : साडेचार इंच बोअर, साडेपाच इंच स्ट्रोक, ६५० फेऱ्यांना ६ एचपी. राजकोटला अशी इंजिनं वर्षानुवर्षं बनली. तेव्हा मेस्त्री बरोबर आहेत.

पण आयएचपी काढून तुमची कुट्टी फिरणार नाही. त्यातली काही एचपी रिंगा, बेअरिंग, पंप यांच्या घर्षणात जाते. चाकावर उरते ती बीएचपी, आणि ती घरी मोजता येते. चाकावरून दोरी घ्या, एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला स्प्रिंगकाटा. दोरीला कुठंही गाठ किंवा हाताला वेढा नको, आणि वजन उडालं तर अडेल असा साखळीचा बांध जमिनीत पक्का करा. चाकावर पाणी सोडत राहा, दोरी जळते.

बीएचपी = ६.२८ × फेऱ्या × (वजन − काटा) × त्रिज्या ÷ ४५००

त्रिज्येत दोरीची अर्धी जाडी मिळवायची. फेऱ्या लोड असताना मोजायच्या.

घर्षण किती जातं हे काढायचं असेल तर डिझेलही मोजा. बिनलोडाचं, अर्ध्या लोडाचं, पूर्ण लोडाचं. आलेखात आडवी एचपी, उभं ताशी डिझेल, आणि बिंदूंतून जाणारी रेघ मागं वाढवा. डिझेल शून्य होतं तिथं शून्याच्या डावीकडं जेवढी एचपी दिसेल तेवढं घर्षण. याला विलन्स लाईन म्हणतात. एकेक सिलिंडर बंद करून करायची मोर्स टेस्ट एकाच सिलिंडरला चालत नाही, म्हणून ही.

प्रतिसाद २

उन्हाळ्याचंही धरून चला. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, म्हणजे हवेचा दाब तिथंच पाचेक टक्के कमी. त्यात एप्रिलचे ४२ अंश. २७ अंशाच्या हवेपेक्षा ती आणखी पाच टक्के विरळ. डिझेल तेवढंच टाकलं तर धूर काळा होणार. आता थंडीत जो आकडा येईल तो मे महिन्यात मिळणार नाही.

धागाकर्ता

सर, दोन रविवार घातले, पण झालं. चाकाचा व्यास ६० सेंमी, दोरी २ सेंमी, म्हणजे त्रिज्या ०.३१ मीटर. डिझेलसाठी ५० मिलीची काचेची नळी टाकीच्या जागी लावली आणि पुतण्या मोबाईलवर सेकंद मोजत बसला.

बिनलोडाला ५० मिली ८ मिनिटं ३४ सेकंद पुरलं, म्हणजे ताशी ०.३५ लिटर. निव्वळ (वजन वजा काटा) १० किलोवर ६४० फेऱ्या, २.७७ एचपी, ताशी ०.८३ लिटर. निव्वळ २० किलोवर ६३० फेऱ्या, ५.४५ एचपी, ताशी १.३० लिटर. त्याच्या पुढं वजन टाकलं की धूर काळा येऊन आवाज जड व्हायचा, म्हणून थांबलो.

रेघ मागं वाढवली तर २ एचपीवर भेटली. म्हणजे आयएचपी साधारण साडेसात. तो आकडा सूत्रात उलटा घातला तर सरासरी दाब ७.४ किलो येतो. मी २८ धरले होते! डिझेलची उष्णता किलोला १०,००० किलोकॅलरी धरली तर १७ एचपीइतकी उष्णता जळते, त्यातली साडेपाच चाकावर येते. हे आईला सांगितलं, तर म्हणाली, तुझे वडील याला कधी पूर्ण ताणायचे नाहीत.

आता शेवटची विचारणा. उंचीचा फटका मोजमापात आलाच आहे; उन्हाळ्यात आणखी पाच टक्के गेले तर ५.२ उरतात, पट्ट्यात अजून थोडं जाणार. ५ एचपीच्या कुट्टीऐवजी ३ एचपीची घ्यावी, की मोठी घेऊन कडबा कमी कमी घालावा? ज्यांनी इंजिनवर कुट्टी चालवलीय त्यांनी पुलीच्या मापासकट सांगा.