'नेक्सस'ला मराठीत काय म्हणावं?

दौत:
एका कृषी मासिकासाठी लेख मराठीत आणतेय. पाणी, ऊर्जा आणि अन्न ही तिन्ही एकमेकांत कशी अडकलेली आहेत, हा विषय. इंग्रजीत याला 'वॉटर-एनर्जी-फूड नेक्सस' म्हणतात. 2011 मध्ये जर्मनीत बॉनला याच विषयावर परिषद झाली आणि पुढे अहवालांमधून हा शब्द रुळला. माझ्या हातात आलेल्या कच्च्या मसुद्यात कुणीतरी 'जल-ऊर्जा-अन्न साटेलोटे' असं लिहून ठेवलंय. हसले, पण दुसरं काय लिहायचं तेही सुचेना. 'परस्परावलंबन' बरोबर आहे, पण शीर्षकात दिसला की वाचक पान उलटणार. सुचवा.

काथ्याकूट:
हसू नका, त्या भाषांतरकाराचं फारसं चुकलेलं नाही. पुढारी-गुन्हेगार 'नेक्सस' म्हटलं की आपल्याकडच्या मथळ्यांत साटेलोटेच येतं, म्हणून त्याला तोच शब्द आठवला असणार. पण मूळ अर्थ बघा. साटंलोटं म्हणजे दोन घरांनी एकमेकांच्या मुली सुना करून घेणं. साटं म्हणजे अदलाबदल, सौदा. जमिनीच्या व्यवहारातलं साटेखत त्याच कुळातलं. आणि अशा सोयरिकीतली खरी गोम जुन्या बायकांना विचारा: या घरात सुनेला त्रास झाला की त्या घरात हिच्या नणंदेचे हाल सुरू. एका घराचं बिनसलं की दुसऱ्याचं आपोआप बिनसतं. 'नेक्सस'ला याहून नेमकं काय हवं? शब्द आता डागाळलाय, छापू नका, एवढंच.

मात्रा-वेलांटी:
'अनुबंध' घ्या. लॅटिनमध्ये 'नेक्सस'च्या मुळाशी बांधणं आहे, अनुबंधातही बंध आहेच. शिवाय शेतातला बांध आणि नदीवरचा बंधारा ही त्याचीच भावंडं, म्हणजे विषयालाही धरून. 'अन्योन्याश्रय' मात्र टाळा. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, तो दोष आहे: 'अ' सिद्ध करायला 'ब' लागतो आणि 'ब' सिद्ध करायला 'अ', म्हणजे शेवटी काहीच सिद्ध होत नाही.

काथ्याकूट:
अनुबंध ऐकला की मला लग्नपत्रिका दिसते. ऋणानुबंध, स्नेहानुबंध वगैरे. हिंदीत तर अनुबंध म्हणजे करार. आणि इथं तिघांत भांडण आहे हो, गोडवा कसला!
(तुमचा अन्योन्याश्रय दोष मात्र परळीला लागू पडतो. तिथलं औष्णिक वीज केंद्र 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. पाणी नाही म्हणून वीज नाही, आणि वीज नाही म्हणून विहिरीतलं उरलंसुरलं पाणीही वर येत नाही.)

टेलएंड:
मी सांगली जिल्ह्यातला, नावाप्रमाणं कालव्याच्या शेवटाला. आमच्याकडं या तिन्हींला मिळून एक शब्द नाही, पण 'उपसा' म्हटलं की तिन्ही आलीच. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या आमच्या उपसा योजना. कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं आणि दुष्काळी तालुक्यांत सोडायचं. कालव्याला पाणी आहे का, असं कोण विचारत नाही. 'उपसा चालू हाय का?' असं विचारतात. पाणी नदीत असतंच. वर आणायला लाईट लागते, आणि लाईटचं बिल थकलं की पंप बंद. त्या बिलाचे 81 टक्के सरकारनं भरायचे आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी, असं ठरलं, तेव्हापासून 'एक्याऐंशी-एकोणीस' हाही आमच्याकडं एक शब्दच झालाय. पाणीपट्टी म्हणा नाहीतर वीजबिल म्हणा, पैसे एकाच खिशातनं जातात आणि तो खिसा उसाच्या नाहीतर द्राक्षाच्या पैशानं भरतो.

वाशिष्ठीकाठ:
दादा, तुमचा उपसा तर आमचं अवजल. मी चिपळूणकडची. कोयनाही कृष्णेच्याच खोऱ्यातली, पण शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या अलीकडे पोफळीला उतरवतात, त्यावर जनित्रं फिरवतात. खाली कोळकेवाडीला अडवून पुन्हा एकदा वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात. वीज करून झाल्यावर उरलेलं ते अवजल. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं असं पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. धरणाची क्षमताच 105 टीएमसीच्या आसपास आहे, म्हणजे आकडा किती मोठा ते बघा. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे 2,830 कोटी लिटर.
मला त्यातला 'अव' खटकतो. अवगुण, अवकळा यांच्या पंगतीत नेऊन बसवलंय त्या पाण्याला. घाण नाही, वापरलेलं नाही, नुसतं डोंगर उतरलंय. ज्यानं शब्द घडवला त्याच्या लेखी वीज झाली की पाण्याचं काम संपलं.

मात्रा-वेलांटी:
'अव' म्हणजे खालीसुद्धा. अवतरण, अवरोह. खाली उतरलेलं जल, असा सरळ अर्थ लावता येतो.

वाशिष्ठीकाठ:
व्युत्पत्ती तशी लागेल हो. कानाला मात्र वाया गेलेलंच ऐकू येतं. तेच पाणी मुंबईला न्यायच्या गोष्टी इतकी वर्षं चालल्यात, कारण ते 'उरलेलं' आहे.

टेलएंड:
ताई, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. एकाच खोऱ्यातलं पाणी तिकडं खाली सोडून वीज करायची आणि इकडं वीज जाळून वर चढवायचं. अवजल आणि उपसा. दौतताईंचा लेख या दोन शब्दांतच झाला की.

दौत:
हे फारच कामाचं. पण कोयना आणि टेंभू माहीत नसलेला विदर्भातला वाचक काय करेल? त्याची विहीर आहे, बोअर आहे.

कोरडवाहू:
त्याला 'पाळी' द्या. मी बुलढाण्याकडचा. कालव्याची पाणीपाळी, म्हणजे पाणी घ्यायची ठरलेली वेळ, तुम्हाला माहीतच आहे. लाईटचीही पाळीच असते: कृषी फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या वीजवाहिनीला, एका आठवड्यात दिवसा आठ तास, दुसऱ्यात रात्री दहा तास. 'या हप्त्यात आमची रात्रीची पाळी' म्हटलं की घरातल्यांना कळतं, आज हा बॅटरी आणि काठी घेऊन वावरात जाणार, पायाखाली साप आहे का बघत. आणि पेरणीआधी जमिनीला देतो त्या वखराच्याही पाळ्याच. पाणी, वीज, पीक, तिन्हीकडे एकच शब्द, आणि तो कोणत्या समितीनं घडवलेला नाही. एक पाळी हुकली की दुसरीचा उपयोग नाही. पाणी आहे पण लाईट नाही, लाईट आहे पण डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळालेली.
कागदावर त्याला रोहित्र म्हणतात. बोलताना तसं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

काथ्याकूट:
पाळी सुंदर आहे, पण ती क्रम सांगते, गुंता नाही. फुकट विजेचं काय? 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारं 'ऑटो' बसवलेलं असतं, त्यामुळे शेतकरी घरी झोपलेला आणि मोटर पाणी ओढतेय. पाणीपातळी खाली जाते. ते 'पाळी'त कुठं बसतं?

कोरडवाहू:
नाही बसत. पण झोपू द्या की त्याला. रात्री दोनला वावरात तुम्ही जाणार आहात का?

काथ्याकूट:
मान्य. मी नाही जाणार.

दौत:
असं करते. शीर्षक: 'पाण्याची पाळी, लाईटची पाळी'. 'अनुबंध' चौकटीत एकदाच, परिभाषा म्हणून. साटंलोटं लेखाच्या सुरुवातीला, नणंद-भावजयीसकट. मधला भाग अवजल आणि उपसा. मूळ लेखातली उदाहरणं परदेशी आहेत, ती संपादकांना विचारून कमी करते. सुरुवातीचं वाक्य असं जमतंय: 'कालव्याला पाळी सुटते, उपसा येतो आणि लाईट चालू होते, तेव्हा कुठे पीक उभं राहतं.' चालेल?

टेलएंड:
क्रियापदं उलटीपालटी झालीत ताई. सुटतं ते आवर्तन, म्हणजे कालव्यात ठरल्या मुदतीपुरतं सोडलेलं पाणी. पाळी येते. लाईट येते आणि जाते, चालू-बंद होते ती मोटर. उपसाही चालू होतो, येत नाही. आणि कालव्याला आवर्तन असलं तर विहिरीवरच्या लाईटचा तिथं संबंध नाही, ती दोन वाक्यं करा.