पेट्रोलवर गाडी तापली की बंद, थंड झाली की सुरू. फ्युएल पंप गेला का?

घाटवाट: 2016 ची पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक आहे. सीएनजीवर काही त्रास नाही. पेट्रोलवर टाकली की चढाला ओढत नाही, दुपारच्या उन्हात बंदच पडते. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. टाकी कायम रिझर्व्हच्या आसपास असते. मेकॅनिक म्हणतोय अख्खी पंप असेंब्ली (मोटर, जाळी, फ्लोट असा टाकीतला पूर्ण संच) बदला. त्याआधी काय तपासू?

पाना_पकड: सीएनजीवर नीट चालते म्हणजे प्लग-कॉइलवर संशय नको, पेट्रोलचा पुरवठाच बघा. पेट्रोल मोडमध्ये इग्निशन ऑन करा, स्टार्टर मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूं आवाज यायला हवा. नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच; त्याच नंबरचा दुसरा रिले लावून पाहा). आवाज येत असेल तर प्रेशर गेज लावा. बऱ्याच एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाड्यांत 3 ते 4 बार असतं, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. मोजायचं मात्र गाडी तापून ओढ कमी झाल्यावरच. थंड पंप प्रेशर बरोबर दाखवतो आणि फसगत होते.

मल्टिमीटर: पंपाच्या कनेक्टरवरचं व्होल्टेजही घ्या, कनेक्टर जोडलेला आणि पंप चालू असताना. सुटी वायर मोजली तर खराब जोडही 12 व्होल्ट दाखवतो. बॅटरीपेक्षा एक व्होल्ट कमी आलं तर दोष वायरिंगचा किंवा अर्थिंगचा. पिना काळपट, प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर कनेक्टर बदलाच, नाहीतर नवा पंपही तसाच अडखळेल.

पाना_पकड: बरोबर. आणि मूळ कारण रिझर्व्ह. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. काही सीएनजी किटमध्ये गाडी सीएनजीवर असतानाही तो फिरत राहतो, मग उरलेलं थोडं पेट्रोल तापतं आणि मोटरचे ब्रश झिजतात. तळाचा गाळ पंपाच्या जाळीत अडकतो तो वेगळाच. पाव टाकी तरी ठेवत जा.

घाटवाट: गरम असताना प्रेशर 1.8 बार, व्होल्टेज ठीक. म्हणजे पंपच?

पाना_पकड: पंप किंवा तुंबलेली जाळी-फिल्टर. असेंब्ली बाहेर काढावीच लागेल. जाळी काळी, चिकट असेल तर आधी ती बदलून प्रेशर पाहा. तरी कमीच आलं तर बहुधा मोटर. बऱ्याच मॉडेलना सुटी मोटर मिळते, फ्लोट (पेट्रोलची पातळी मोजणारा) चांगला असेल तर अख्खी असेंब्ली कशाला? काम उघड्यावर करा. पंपाचा फ्यूज काढून पेट्रोलवर इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे प्रेशर उतरेल. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. झाकणावरची धूळ आधी पुसा, नाहीतर टाकीत जाईल. झाकणाची ओ-रिंग (रबरी सील) नवीनच लावा. जुनी फुगलेली असते, परत बसत नाही. शेवटी तीन-चार वेळा इग्निशन ऑन-ऑफ करून गळती बघा, मगच सीट बसवा.