खिशाला परवडणारा, रोज खिशात राहणारा घडीचा चाकू : तुमचे अनुभव सांगा

माझा पंधरा वर्षं वापरलेला घडीचा चाकू गेल्या महिन्यात प्रवासात हरवला. हरवल्यावर कळलं, दिवसभरात हात किती वेळा त्या खिशाकडे जातो. खोक्यावरची चिकटपट्टी, सुतळीची गाठ, दाताने न फाटणारं पाकीट, पेन्सिलीचं टोक. आता नवा घ्यायचा आहे आणि तो महागडा नको. उद्या हाही हरवला तर हळहळ वाटावी, पण झोप उडू नये, इतपतच.

शोधायला बसलो तर पोलादाची नावं, लॉकचे (उघडलेलं पातं मिटू न देणाऱ्या कळीचे) प्रकार, पात्याचे आकार यांतच अडकून पडलो. म्हणून ज्यांच्या खिशात रोज चाकू असतो त्यांना विचारतो आहे. काय घेतलंत, किती टिकलं, कशाचा पश्चात्ताप झाला? मोडलेल्या आणि गंजलेल्या चाकूंबद्दल तर जरूर लिहा.

*

मी गोदामात काम करतो, दिवसाला शंभरेक खोकी उघडतो. पहिला चाकू घेतला तो दिसायला भारदस्त होता. काळं पातं, पाठीला चार मिलिमीटर जाड, हातात घेतला की वाटायचं हा जन्मभर पुरेल. धार चांगली होती, तरी पुठ्ठ्यात अर्ध्यावर जाऊन अडायचा. पाचर ठोकल्यासारखा पुठ्ठा फाकायचा, कापायचा नाही. संध्याकाळपर्यंत मनगट भरून यायचं.

मग एका सहकाऱ्याने त्याचा ओपिनेल कंपनीचा आठ नंबरचा चाकू हातात दिला. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, जाडी दोन मिलिमीटरच्याही आत, मूठ बीच लाकडाची, वजन पन्नास ग्रॅमपेक्षा कमी. जाड पुठ्ठ्यातून तो असा सरकला की मी दोनदा उलटून पाहिला. तेव्हापासून मी पात्याची पाठ बघत नाही, धारेच्या लगेच मागे ते किती पातळ आहे ते बघतो. दिव्यासमोर धरून टोकाकडून मुठीकडे नजर टाकली की लगेच दिसतं.

या चाकूची रचना जुनी आहे. जोसेफ ओपिनेल यांनी फ्रान्सच्या सॅव्होय भागात १८९० मध्ये तो बनवला. मुठीच्या तोंडाशी फिरणारी लॉकची कडी १९५५ मध्ये आली. एवढ्या काळात रचनेत फारसं काही बदलावं लागलेलं नाही, हीच मला त्याची मोठी पावती वाटते.

*

लाकडी मुठीबद्दल वरच्या दादांच्या अनुभवात थोडी भर. माझा लाकडी मुठीचा चाकू (दुसऱ्याच कंपनीचा) एकदा पावसात खिशातच भिजला. लाकूड फुगलं आणि पातं आत असं आवळून बसलं की नख तुटलं, पण ते हललं नाही. पुढे युक्ती कळली. पातं मिटलेलं ठेवून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकायचं, म्हणजे पातं थोडं वर येतं आणि चिमटीत सापडतं. सॅव्होयचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. नंतर मूठ पूर्ण वाळू दिली, आतल्या खाचेला बारीक पॉलिश पेपर फिरवला आणि जवसाचं तेल दोन-तीन वेळा मुरवलं. तो त्रास पुन्हा झाला नाही. मात्र सतत ओल्यात काम असेल तर लाकूड नकोच, नायलॉनची मूठ घ्या.

*

नखाच्या खाचेने उघडणारे चाकू माझ्यासाठी बाद झाले. सांधेदुखीमुळे बोटांत तेवढा जोर राहिला नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, वापरून सैल होईल." वर्ष झालं, झाला नाही. आता पात्याला अंगठ्यासाठी गोल भोक असलेला वापरते. ती कल्पना स्पायडरको या चाकूच्या कंपनीने १९८१ मध्ये आणली आणि खिशाला अडकवायची क्लिपही त्याच चाकूबरोबर आली. आज स्वस्त चाकूंतही भोक किंवा अंगठ्याची खुंटी मिळते. एका हाताने रोपाची फांदी धरलेली असताना दुसऱ्या हाताने चाकू उघडता येणं ही माझ्यासाठी चैन नाही, गरज आहे. घेण्याआधी दहा वेळा उघडा आणि दहा वेळा मिटून बघा. मिटताना बोट पात्याच्या वाटेत येतं का, हे उघडण्यापेक्षाही महत्त्वाचं.

*

डावखुऱ्यांसाठी दोन ओळी. बहुतेक लायनर लॉक (मुठीच्या आतली पट्टी सरकून पातं अडवणारे) उजव्या अंगठ्यासाठी केलेले असतात. क्लिपसुद्धा एकाच बाजूला बसते. मुठीच्या पाठीवर दाबायचं बॅक लॉक दोन्ही हातांना सारखंच चालतं, ते शोधा.

*

लॉकचा विषय निघालाच आहे तर माझं बोट कसं कापलं ते लिहितो.

स्वस्त लायनर लॉकचा चाकू होता. मुठीच्या आत पत्र्याची एक पट्टी असते, पातं उघडलं की ती आडवी सरकून पात्याच्या बुडाला टेकते. तेवढ्याच आधारावर सगळं उभं असतं. माझ्या चाकूत ती पट्टी जेमतेम कडेवर टेकत होती आणि त्यात खिशातल्या धाग्यांचा लगदा साठलेला. मी टोकाने प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण उचकटत होतो. जोर उलट्या दिशेने, पात्याच्या पाठीवर आला. खट्‌ असा आवाजही आला नाही. पातं मऊपणे मिटलं आणि तर्जनी मध्ये होती. तीन टाके पडले. बोटाच्या शेंड्याला आजही थंडीत झिणझिण्या येतात.

चूक लॉकची होती आणि माझीही. चाकूने उचकटायचं नसतं. आता नवा चाकू हातात आला की मी आधी पट्टी बघतो. ती पात्याच्या बुडाच्या रुंदीचा निदान पाव-तृतीयांश भाग धरते का? मग बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडावर हलकेच टेकवतो. तेवढ्याने लॉक सरकलं तर चाकू परत. आणि महिन्यातून एकदा भांडी धुवायच्या साबणाने सांधा धुवून, वाळवून तेलाचा एक थेंब.

*

मी उलट टोकाची. माझ्या किल्ल्यांना व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा क्लासिक नावाचा ५८ मिलिमीटरचा छोटा चाकू आहे, वजन वीसेक ग्रॅम. लॉक नाही, पातं करंगळीएवढं. नऊ वर्षं झाली. खरं सांगायचं तर पात्यापेक्षा त्यातली कात्रीच जास्त वापरते. जड चाकू घरीच राहतो, हा सोबत येतो.

*

हरवलेल्या चाकूबद्दल वाचून आठवलं. माझाही प्रवासातच गेला, विमानतळावर. हातातल्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात विसरलो होतो. मोठ्या, सामानात जाणाऱ्या बॅगेत टाकला असता तर आज जवळ असता.

आणि घेण्याआधी आपल्याकडचा कायदा वाचाच, कारण देशागणिक चित्र बदलतं. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकू विनाकारणही जवळ बाळगता येतो. लॉक आलं की सबळ कारण लागतं. जर्मनीत एका हाताने उघडणारे आणि लॉक होणारे चाकू २००८ पासून सबळ कारणाशिवाय बाहेर घेऊन फिरता येत नाहीत. म्हणजे वरच्या ताईंना जो सोयीचा, नेमका तोच तिथे अडचणीचा. मी या कारणासाठी बिनलॉकचा, नुसत्या स्प्रिंगवर उभा राहणारा चाकू घेतला. लॉक नाही म्हटल्यावर हात आपोआप जपून चालतो, हा अनपेक्षित फायदा.

*

पोलादाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी.

स्वस्त चाकूंत साधारण तीन-चार नावं दिसतील. ८सीआर१३एमओव्ही, ४२०एचसी, १२सी२७ ही सगळी न गंजणाऱ्या घराण्यातली. धार मध्यम टिकते, पण पाच मिनिटांत परत लागते. डी२ मध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असतो, धार बराच काळ राहते. पण त्याला पूर्ण स्टेनलेस समजू नका. माझा डी२ चा चाकू उन्हाळ्यात घामाच्या खिशात राहिला आणि आठवडाभरात पात्यावर तपकिरी ठिपके उठले. शिवाय धार गेली की साध्या दगडावर तासभर घासत बसा. मला विचाराल तर १४सी२८एन मिळालं तर डोळे मिटून घ्या. गंज नाही, धार बारीक येते, दगडाशी भांडत नाही.

साधं कार्बन पोलाद मला सगळ्यात आवडतं. आंबट फळ कापलं की पात्यावर निळसर-करडी छटा चढते, ती गंज नव्हे, उलट गंजाला थोडी अडवते. पण पुसून ठेवायची शिस्त हवी.

मात्र नावात सगळं नसतं. पोलादाला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून थंड कसं केलंय, त्यावर निम्मं ठरतं. तेच पोलाद एकाकडे रॉकवेल (कठीणपणाचं माप) ५५ ला मऊ राहतं, दुसऱ्याकडे ५९ ला पोचतं. म्हणून अनोळखी कंपनीचं भारी पोलाद घेण्यापेक्षा मी जुन्या, नावाजलेल्या कंपनीचं साधं पोलाद घेतो.

*

नामांकित चाकू अर्ध्या किमतीत दिसला तर थांबा. मी फसलो आहे. डबी हुबेहूब, अक्षरं कोरलेली. पहिल्यांदा स्क्रू फिरवला तर त्याचं डोकंच भुगा होऊन आलं. पात्याला धार लावली, दुसऱ्या दिवशी कड वाकलेली.

*

धार लावता येत नसेल तर कुठलाही चाकू सहा महिन्यांचाच, हे माझं ठाम मत. महागडं यंत्र नको. हजार ग्रिटचा (मध्यम बारीक कणांचा) एक दगड आणि जुना चामड्याचा पट्टा पुरे.

कोन जमत नाही म्हणून लोक सोडून देतात. त्यांच्यासाठी : पात्याच्या धारेला दोन्ही बाजूंनी परमनंट मार्करची शाई लावा. दगड भिजवा, पातं अंदाजे वीस अंशांवर धरून दोन-तीनदा फिरवा आणि बघा. शाई फक्त पाठीकडची गेली तर पातं फार आडवं आहे. नुसत्या कडेची गेली तर फार उभं. शाईचा पूर्ण पट्टा साफ झाला की कोन सापडला, आता हात हलवू नका. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला बोट आडवं, धारेपासून बाहेरच्या दिशेने फिरवलं की उलटलेली बारीक कोर खरखरते. पात्याच्या टाचेपासून (मुठीकडच्या कडेपासून) टोकापर्यंत ती लागली की बाजू बदला. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर धार मागे ठेवून दहा-बारा हात. वर्तमानपत्राची कड न फाटता, न अडकता कापली गेली की झालं.

*

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः बोटाची गोष्ट लिहिणाऱ्या दादांचे. काल चाकू घेतला. सात सेंटिमीटरचं पातळ स्टेनलेस पातं, लॉक नाही, नायलॉनची मूठ. दुकानात चार हाताळले. एकाचं पातं मिटताना मुठीच्या एका बाजूला घासत होतं, एक माझ्या नखाने उघडेना. हा तिसरा.

धार कारखान्याची, ठीकठाक होती. रात्री मार्कर घेऊन बसलो. उजवी बाजू साफ झाली. डाव्या बाजूला टाचेजवळ बोटभर शाई अजून तशीच आहे. आज परत बसतो.