गलमिशा म्हणजे ‘माझ्याकडे बघा’?

कल्लेदार

काल सोसायटीच्या ग्रुपवर एका शेजाऱ्याने पोस्ट टाकली. हा गृहस्थ कुठल्याशा कंपनीत माणसं भरती करतो. त्याचं म्हणणं असं, की गलमिशा, पिळलेल्या मिशा, हनुवटीवर नुसता झुपका असली थेरं करणाऱ्याला ‘माझ्याकडे बघा’चा रोग असतो; असा उमेदवार आला की तो चहा पाजून त्याला वाटेला लावतो. खाली बावीस अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या चुलतभावाचा. तिथे भांडलो तर ॲडमिन मला काढून टाकेल, आणि ॲडमिन माझी बायको आहे. म्हणून इथे.

मी अकरा वर्षं गलमिशा ठेवून आहे. कल्ले कानापासून उतरून गालावरून मिशीला मिळतात, हनुवटी साफ. लहानपणी सायकलवरून पडलो त्याची डाव्या गालावर खूण आहे. दाढी करताना दर वेळी तिथे रक्त यायचं. वैतागून तेवढा भाग सोडायला लागलो, मग एकीकडेच विचित्र दिसतं म्हणून दुसरीकडेही सोडला. झालं माझं ‘व्यक्तिमत्त्व’.

आता रोगाचं बघू. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ १८४८ पासून १९१६ पर्यंत गादीवर होता, आणि त्याच्या गलमिशांची नक्कल त्याचे सरकारी नोकर करायचे. म्हणजे तिथे गलमिशा हे बंड नव्हतं, ‘होय साहेब’ होतं. ब्रिटिश फौजेत तर १९१६ च्या ऑक्टोबरपर्यंत वरचा ओठ भादरायलाच मनाई होती. आमच्या शेजाऱ्याचा गुळगुळीत चेहरा त्या फौजेत कुणी बघितला असता तर म्हणाला असता, याला मिरवायची फार हौस दिसते.

रोखठोक_ठाणे

भरतीचं काम मीही करते. तुमचा शेजारी आगाऊ आहे, पण सगळंच चुकीचं बोलला असं नाही. रक्त यायचं ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आज सकाळी आरशासमोर किती वेळ घालवलात ते सांगा.

आणि एक. माझे केस पांढरे आहेत, मी रंगवत नाही. आधीच्या ऑफिसात साहेब तीन महिने रोज ‘बरं नाही का?’ विचारायचे. बायकांच्या केसांवर, कपड्यांवर, टिकलीवर रोज कुणी ना कुणी बोलतं. पुरुषाच्या गालावर एकदा कुणी बोललं की थेट ऑस्ट्रियाचा सम्राट!

कल्लेदार

बारा मिनिटं. पांढऱ्या केसांवर वेगळी चर्चा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

दख्खनचा_दगड

ऑस्ट्रियापर्यंत कशाला जायचं? आमच्या जेजुरीच्या खंडोबाला चांगल्या भरदार मिशा आहेत. देवाला चालतात, कंपनीला चालत नाहीत.

बाकी नुसत्या कल्ल्यांना इंग्रजीत ‘साइडबर्न्स’ म्हणतात ते अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या ॲम्ब्रोझ बर्नसाइड नावाच्या सेनापतीवरून. त्याच्या गलमिशा तुमच्यासारख्याच होत्या, हनुवटी साफ. १८६२ च्या डिसेंबरात फ्रेडरिक्सबर्गला सपाटून मार खाल्ला. लढाई गेली, नाव राहिलं, तेसुद्धा उलटं होऊन. आता हे लक्ष वेधण्यासाठी होतं का ते त्यालाच विचारा.

उसाचं_चिपाड

‘वैयक्तिक शैली’ या शब्दाचं मला हसू येतं. २०१९ च्या १ मार्चला हवाई दलाचे वैमानिक अभिनंदन वर्धमान वाघा सीमेवरून परत आले आणि पंधरा दिवसांत आमच्या गावातली निम्मी पोरं अभिनंदन झाली. माझा भाचा तर दहावीला होता, मिसरूडसुद्धा धड फुटलं नव्हतं, आईच्या काजळाच्या पेन्सिलीने कल्ले काढून स्नेहसंमेलनाला गेला. जूनमध्ये काँग्रेसच्या अधीर रंजन चौधरींनी लोकसभेत मागणी केली, की त्या मिशीला राष्ट्रीय मिशी म्हणून जाहीर करा. सगळ्यांनी मिळून ठेवायची, तर तिच्यात वैयक्तिक काय उरलं?

दख्खनचा_दगड

त्याच धाटणीच्या मिशा भोपाळच्या एका पोलीस शिपायाने ठेवल्या होत्या. २०२२ च्या जानेवारीत साहेबांनी सांगितलं कमी कर, याने नाही केल्या, निलंबन. बोंबाबोंब झाल्यावर मागे घेतलं. वैमानिकाला टाळ्या, शिपायाला नोटीस.

उसाचं_चिपाड

वर्दी घातली की नियम आले. आवडत नसेल तर वर्दी घालू नका. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, तीस वर्षं रोज पहाटे चारला उठून दाढी करून ड्यूटीला जायचे. त्यांना कुणी शैली विचारली नाही.

पारावरचा

तुम्ही सगळे हौसेबद्दल भांडताय. गुजरातमध्ये गांधीनगरजवळ लिंबोदरा गाव आहे. तिथे २०१७ मध्ये दलित तरुणांना मारहाण झाली, कारण काय, तर मिशा ठेवल्या. त्यानंतर तिकडच्या कितीतरी पोरांनी व्हॉट्सॲपवर स्वतःच्या फोटोऐवजी मिशी आणि मुकुटाचं चित्र लावलं. कल्लेदार, तुम्हाला शेजाऱ्याने नुसता टोमणा मारला आहे.

कल्लेदार

हे मला माहीत होतं आणि तरी लिहिताना आठवलं नाही. नोंद घेतली. पण मग माझा मुद्दा पडला की उभा राहिला? कुणाच्या तोंडावर काय उगवावं हे दुसऱ्याने ठरवायचं, ही खोड तीच ना?

पारावरचा

खोड तीच. पण तुम्हाला चहा मिळतो.

खिसा_रिकामा

ते राहू द्या. मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. साध्या दाढीचे ऐंशी आणि गलमिशीचे दीडशे, असं का? केस कमी काढायचे आणि पैसे जास्त? पुण्यात एका काचेच्या सलूनमध्ये मला ‘बिअर्ड स्टायलिंग’ म्हणून चारशे लावले. वर चेहऱ्याला कसलासा गार फवारा मारला, तो मी मागितला नव्हता.

रोखठोक_ठाणे

आमच्याकडे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नवऱ्याचे कल्ले मी कापले होते. एक बोटभर वर गेला, त्याच्या बरोबरीला दुसरा आणला तर तो आणखी वर गेला. शेवटी दोन्ही कानाच्या वर. आठवडाभर मीटिंगला कॅमेरा ‘बिघडला’ होता. तेव्हापासून दीडशे मुकाट्याने देतो.

साताऱ्याचा_कारागीर

दुकानात आमची तिसरी पिढी आहे, म्हणून सांगतो. साधी दाढी म्हणजे फेस, एक सुलटा हात, एक उलटा हात, तुरटी, दहा मिनिटांत माणूस उठला. गलमिशीत आधी कंगव्यावर कात्रीने लांबी सारखी करायची, मग मशीन, मग रेघ. रेघेजवळ फेस लावत नाही, फेसाखाली रेघ दिसत नाही. नुसतं पाणी मारून वस्तरा हळू ओढायचा. आणि दहातल्या सात माणसांचा एक कान दुसऱ्यापेक्षा खाली असतो. कानावरून माप घेतलं तर रेघ वाकडी जाते, ओठाच्या कोपऱ्यावरून घ्यावं लागतं. त्यात गिऱ्हाईक मान तिरकी करून आरशात बघतं आणि म्हणतं, डावीकडे जास्त राहिलंय. मान सरळ करा म्हटलं की बरोबर दिसतं. मोबाईलवर फोटो दाखवतात तो वेगळाच ताप. फोटोतल्या माणसाचा गाल केसांनी भरलेला, याच्या गालावर मोजून चाळीस.

खिसा_रिकामा

वा! आता न्हाव्याने आम्हाला भूमिती शिकवायची. उद्या रेघेवर जीएसटी लावा.

साताऱ्याचा_कारागीर

भूमिती शिकवली नाही, तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं. तुम्ही ‘न्हावी’ हा शब्द कुठल्या सुरात लिहिलात ते कळतं. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी आमच्या लोकांना एकत्र केलं आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरलं. हातचं काम सोडलं माणसांनी. वस्तरा कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे आमच्यात तेव्हापासून समजतं. तुम्ही सत्तर रुपयांच्या फरकावर आमचा धंदा काढताय.

पारावरचा

खिसा, माफी माग.

उसाचं_चिपाड

दर विचारला तर लगेच इतिहास काढायचा, हेही बरोबर नाही. प्रश्न पैशांचा होता.

पारावरचा

प्रश्न मिशांचा होता!

खिसा_रिकामा

शब्द मागे घेतो. सूर चुकला, मान्य. दराबद्दलचं मत मागे घेत नाही. आणि तो कानाचा मुद्दा मी आत्ता आरशात बघितला. उजवा खाली आहे. चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

रोखठोक_ठाणे

कल्लेदार, एक मान्य करते. उमेदवाराला पाच मिनिटांत चहा पाजून घालवणारा माणूस भरतीच्या खुर्चीत नसावा. पण बारा मिनिटं रोज, म्हणजे वर्षाचे तीन दिवस होतात. हिशोब करून बघा.

कल्लेदार

केला. त्र्याहत्तर तास. बायकोला सांगू नका.

कारागीर, १५ तारखेला रविवारी साताऱ्यात लग्न आहे. सकाळी येऊ का? आमचा इथला पोरगा रेघ ओढतो ती दर वेळी नवीन गावाला जाते.

साताऱ्याचा_कारागीर

या. रविवारी गर्दी असते, नंबर लावून पेपर वाचत बसावं लागेल. सोमवारी दुकान बंद. खुर्चीत बसल्या बसल्या डाव्या गालाची खूण दाखवा, तिथे नुसती कात्री चालवतो.

खिसा_रिकामा

दर?

साताऱ्याचा_कारागीर

त्यांना एकशे वीस. तुम्हाला दीडशे.