चेक परतला, दिवाणी दावा की फौजदारी?

सांवेररोडवाला: इंदूरला माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा चेक परतला, खात्यात पैसेच नाहीत. दोन्ही केसेस होतात म्हणे. पण कंपनीला तुरुंगात कसं घालणार?

वकीलकाका: आधी तारीख बघा! बँकेचा मेमो (चेक परतल्याची लेखी सूचना) मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. ती मिळूनही १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर महिन्याभरात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या (चेकबाबतच्या कायद्याच्या) कलम १३८ची तक्रार. ही फौजदारी, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वसुलीचा दिवाणी दावा वेगळा, तिथे शिक्षा नाही. कंपनीला दंडच होतो. आत जातात ती कारभार पाहणारी माणसं, त्याच कायद्याच्या कलम १४१प्रमाणे. मात्र कंपनीलाही आरोपी करा, नाहीतर संचालकांवरची केस टिकत नाही.

उषाताई_राजवाडा: कंपनीवर दोन्ही केसेस कशा होतात, ते आपल्या भोपाळच्या युनियन कार्बाइड वायुकांडाचंच बघा. १९८९ला ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली, त्यात फौजदारी खटलेही मिटवले होते. १९९१ला सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा उघडले. २०१०ला कंपनीच्या अधिकाऱ्यांना जेमतेम दोन वर्षं कैद. एवढ्या मृत्यूंना एवढीच शिक्षा, हे मला अजून पटत नाही.

सांवेररोडवाला: काका, मेमो परवाच आलाय. नोटीस उद्याच पाठवतो.