मदत हवी आहे: रिको जीआर ३ कॅमेऱ्यावर जुन्या ट्राय-एक्स फिल्मसारखा ब्लॅक अँड व्हाइट लूक कसा आणायचा?

मंडळी, मला जपानी फोटोग्राफर दाइदो मोरियामांच्या टोकियोतल्या फोटोंसारखा दाणेदार, काळाकुट्ट लूक हवाय, म्हणजे ट्राय-एक्स ४०० ही फिल्म १६०० ला पुश केल्यावर (म्हणजे १६०० आयएसओची समजून कमी उजेडात वापरून नंतर जास्त डेव्हलप केल्यावर) सावल्या पार बुडतात ना, तसा. ते स्वतः जीआरच वापरायचे म्हणून मीपण तोच घेतला. फोकसचं टेन्शन नाही, अ‍ॅपर्चर एफ ८ आणि स्नॅप फोकस (आधीच ठरवून ठेवलेलं फोकसचं अंतर) २.५ मीटरवर ठेवला की साधारण सव्वा मीटरपासून पुढचं सगळं शार्प येतं, मंडईच्या गर्दीत हे भारीच. घोडं अडतं ते टोनवर. हाय-काँट्रास्ट मोडमध्ये भर दुपारी पांढरा सदरा आणि टोपी नुसते कोरे कागद होतात, कापडाच्या चुण्यासुद्धा दिसत नाहीत, आणि एक्स्पोजर एक स्टॉप कमी केलं (म्हणजे उजेड निम्मा घेतला) तर सावळे चेहरे गायब. फिल्ममध्ये हायलाइट (सर्वात उजळ भाग) कसे हळूहळू विरतात, तेच मला जास्त आवडतं.

तर रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढून नंतर कॉम्प्युटरवर टोन कर्व्हने करू का? आणि ग्रेन (फिल्मसारखे दाणे) नंतर टाकायचा की आयएसओ मुद्दाम ३२००-६४०० ठेवून कॅमेऱ्याचाच नॉइज वापरायचा? प्रिंट १२ बाय १८ इंची काढायच्यात, त्यामुळे ज्यांनी खरंच प्रिंट काढून बघितलंय त्यांनी सेटिंग्जसकट सांगा प्लीज.