एप्रिल ते दसरा घर बंद राहणार: गच्चीवरच्या कुंड्या, कूलर, पेटी, सगळं कसं लावून जायचं?

गच्चीवरचा मोगरा (त्रिमूर्ती नगर)

नमस्कार मंडळी, थोडी मदत पाहिजे. आम्ही दोघं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात लेकीकडे मेलबर्नला चाललो, जूनमध्ये तिची डिलिव्हरी आहे, अन् परत येता येता दसरा उजाडेल. म्हणजे नागपूरचा मे महिना अन् मग आख्खा पावसाळा, दोन्ही घराला कुलूप असताना जाणार. जायचा आनंद आहेच पण गच्चीवर गेली की पोटात गोळा येतो.

घर स्वतंत्र आहे. गच्चीवर साठेक कुंड्या, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, तुळस, गवती चहा, आठ-दहा अडेनियम अन् ह्यांनी लहानाचे मोठे केलेले वड-पिंपळाचे दोन बोन्साय. खाली अंगणात निंबू अन् सासऱ्यांनी लावलेलं संत्र्याचं झाड. हॉलमध्ये गप्पी माशांचा टँक. माझी पेटी आहे, भजनी मंडळात मीच वाजवते, अन् ह्यांचा कॅमेरा, गोरेवाड्याला पक्षी पाहायला जातात तेव्हाचा.

कामाच्या मावशी एकदम भरवशाच्या पण त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना रोज गच्ची चढायला लावणं मला पटत नाही. शेजारचे दादा-वहिनी किल्ली ठेवायला तयार आहेत पण मे मध्ये तेही पंधरा दिवस गावाला जातात. टायमरवालं ठिबक लावावं का? खरंच चालते का ते पाच महिने? कूलर खिडकीत राहू द्यायचे की काढायचे? अन् पेटीचं काय, पावसाळ्यात बंद घरात तिचं काय होईल याची मला झाडांइतकीच काळजी वाटून राहिली.

काटोलचा ठिबकवाला

काकू, पहिले अभिनंदन. ठिबक चालते, पण गच्चीवरच्या ठिबकाचं गणित वावरातल्या ठिबकासारखं नसते हे पहिले समजून घ्या, कारण दुकानदार हे सांगत नाही.

टाकी गच्चीवरच आहे नं? मग त्याच टाकीतून गच्चीवरच्याच कुंड्यांना पाणी देताना प्रेशर जवळपास नसतेच. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार प्रेशर, अन् तुमची टाकी कुंड्यांच्या मीटर-दीड मीटर वर असेल, म्हणजे ०.१ ते ०.१५ बार. बाजारात स्वस्तात मिळणारे बरेच टायमर सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकानं उघडणाऱ्या, व्हॉल्व्हचे असतात, त्यांना नीट उघडझाप करायला प्रेशर लागते, एवढ्याशा प्रेशरवर ते भरवशाचे नाहीत. तुम्ही बॉल व्हॉल्व्हवाला टायमर मागा, त्यात लहानशी मोटर गोळा फिरवते, प्रेशर नसलं तरी काम करते. तसंच प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर (सगळ्या कुंड्यांना सारखं पाणी सोडणारे, पण त्यांनाही प्रेशर लागते) घेऊ नका, साधी ४ एमएमची मायक्रोट्यूब १६ एमएमच्या लॅटरलला, म्हणजे कुंड्यांजवळून फिरणाऱ्या जाड नळीला, टोचा, ते पुरते. टाकीच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर पाहिजेच, अन् बोअरचं पाणी असेल तर क्षार जमून नळ्या बुजतात म्हणून दर महिन्याला कोणीतरी लॅटरलच्या शेवटचं बूच काढून दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं.

आता पाण्याचा हिशोब करा. १२ इंची कुंडी मे महिन्यात दिवसाला दीड लिटर सहज पिते. साठ कुंड्या म्हणजे ९० लिटर रोज. १००० लिटरची टाकी अकरा दिवसांत खाली, मग टायमर कितीही भारी असो तो कोरडी टाकीच उघडून देईल. मोटर कोण चालू करणार हा खरा प्रश्न आहे काकू, ठिबक नंतर. एक तर लेव्हल कंट्रोलर बसवा, म्हणजे टाकी उतरली की मोटर आपोआप चालू, पण खालच्या टाक्यात पाणी नसेल तर मोटर बंद ठेवणारा फ्लोट पण त्यासोबतच बसवून घ्या, नाहीतर मोटर जळते. दुसरं म्हणजे कुंड्याच कमी करा. मी दुसरंच करा म्हणीन.

अन् काळी नळी ४५ डिग्रीच्या उन्हात अशी तापते की आतलं पाणी मुळांना चटका देते, म्हणून टायमर पहाटे ५ ला अन् गरज असली तर रात्री ८ नंतर. दुपारी चुकूनही नाही. सगळं लावून झालं की प्रत्येक नळीखाली गिलास ठेवून दहा मिनिटांत किती येते ते पाहा, टाकीपासून लांबच्या कुंड्यांना कमीच येते, तिथं दोन-दोन नळ्या द्या. अन् हे निघायच्या आदल्या दिवशी नाही, मार्चमध्येच चालू करून द्या, म्हणजे काय गळते, काय बुजते ते तुमच्या डोळ्यासमोर होईल.

मनीषनगरची वहिनी

मोगरा ताई, तुमचं भजनी मंडळ आहे नं, मग कुंड्या तिथेच वाटून द्या. साठ कुंड्या एका माणसाला सांभाळायला सांगितल्या की तो पहिल्या आठवड्यात कंटाळतो, पण पाच-सहा कुंड्या कोणालाही जड होत नाहीत, उलट बायका आवडीने नेतात. मोगरा अन् जास्वंद ज्यांच्याकडे सकाळचं ऊन आहे त्यांना द्या, तुळस कोणीही घेईल. कुंडीवर ऑइल पेंटने नंबर टाका, चिठ्ठ्या पावसात निघून जातात.

अडेनियम मात्र कोणाला देऊ नका, ते प्रेमानेच मरतात, लोक रोज पाणी घालतात. त्याच्या फुगीर खोडात पाणी साठलेलं असतं, मे मध्ये आठवड्यातून एकदा मिळालं तरी निभते, धोका पावसात आहे, सतत ओलं राहिलं की खोड सडतं. सज्ज्याखाली जिथं उजेड येतो पण पाऊस लागत नाही तिथं सगळे एका रांगेत ठेवून जा.

पेटीवाले काका (महाल)

पेटीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. ताई, पेटीला सगळ्यात जास्त काय मानवतं तर वाजणं. पाच महिने मिटून ठेवण्यापेक्षा मंडळातलीच जी शिकून राहिली असेल तिच्याकडे द्या, रोज वीस मिनिटं जरी सा धरून बसली तरी भात्याचं चामडं मऊ राहतं, हवा खेळती राहते अन् कसर लागत नाही. तुमचं भजन पण बंद पडणार नाही. वाद्य दुसऱ्याच्या हातात देताना जीव खालीवर होतो हे मला माहीत आहे, माझाही होतो, पण बंद पेटी खराब होताना मी जास्त पाहिल्या आहेत.

घरातच ठेवायची असेल तर असं करा. आपल्याकडे मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की लाकूड आकसतं, फटींतून हवा गळायला लागते, अन् जुलैत तेच लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला लागून नको, गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीत नको, खालच्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत जमिनीपासून वर, पलंगावर किंवा आलमारीत. भाता पूर्ण मिटवून पट्टा लावायचा, स्टॉप, म्हणजे समोरच्या ओढायच्या खुंट्या, सगळे आत ढकलायचे. वरून सुती कपडा गुंडाळा, त्यावर मग कव्हर. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नका, आतला ओलावा आतच राहतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, अन् कडुनिंबाचा वाळलेला पाला कपड्याच्या घडीत, पेटीच्या आत काहीच टाकायचं नाही. आतले रीड, म्हणजे सूर देणाऱ्या पातळ पात्या, पितळी असतात, ओलाव्यानं हिरवा थर चढला की सूर उतरतो, म्हणून परत आल्यावर पहिले ट्यूनिंगवाल्याला दाखवा, मगच कार्यक्रमात घ्या.

कॅमेरा ह्यांना सोबतच न्यायला सांगा. पावसाळ्यात बंद आलमारीत लेन्सला बुरशी धरते अन् ती पूर्ण निघत नाही. तिकडे नवीन पक्षी पण दिसतीलच.

रेशीमबाग ४४०००९

मी आरोग्य खात्यात काम करते, डेंग्यूच्या सर्वेला घरोघरी फिरतो आम्ही, अन् आमची सगळ्यात मोठी अडचण कुलूप लावलेली घरंच असतात, म्हणून हे नीट वाचा.

कूलर खिडकीतून काढता येत असतील तर काढाच. फक्त पाणी ओतून देणं पुरत नाही. डेंग्यूचा जो एडिस डास आहे तो अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या थोडं वर टाकीच्या भिंतीला चिकटवतो, अन् ती अंडी कोरडी पडून महिनोन्महिने जिवंत राहतात. जूनमध्ये पहिला पाऊस कूलरच्या टबात साचला की त्यातून अळ्या निघतात अन् आठ-दहा दिवसांत डास. म्हणून टब ब्रशने खसाखसा घासायचा, उन्हात वाळवायचा, खसच्या ताट्या काढून झटकून वाळवून पोत्यात भरायच्या, पंप वेगळा काढायचा. कूलर हलवता येत नसेल तर तळाचं बूच उघडं ठेवा अन् वरून ताडपत्री बांधा, त्या ताडपत्रीत पण खळगा राहू देऊ नका.

हेच कुंड्यांखालच्या बशांचं. बशा सगळ्या उचलून पालथ्या. टाकीची झाकणं घट्ट, संडासच्या टाक्याच्या वरच्या पाइपला बारीक जाळी. गप्पी मासे कोणाच्या तरी घरच्या टाक्यात किंवा विहिरीत सोडायला द्या, ते डासांच्या अळ्या खातात, उपयोगी पडतात. बंद हॉलमध्ये ठेवून मात्र जाऊ नका, मे मध्ये पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो अन् मासे वाचत नाहीत. नदी-नाल्यात पण सोडू नका. अन् शेजाऱ्यांकडे गेटची किल्ली असते तशी गच्चीची पण द्या, आमच्या लोकांना आत येऊन पाहता आलं पाहिजे.

गच्चीवरचा मोगरा

तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू. पेटीवाले काका, तुमचं वाचून ठरवलंच, मंडळातली एक मुलगी मागच्या वर्षापासून शिकते आहे, पेटी तिच्याकडेच जाईल. कुंड्यांचं ग्रुपवर टाकलं तर अर्ध्या तासात तीस-पस्तीस कुंड्यांना घर मिळालं. मासे शेजारच्या वहिनी त्यांच्या टाक्यात सोडणार. टाकी १००० लिटरचीच आहे, मोटर हातानेच चालू करावी लागते. काटोलचे दादा, उरलेल्या पंचवीसेक कुंड्यांना तुम्ही म्हणता तसं ठिबक लावते, पण पाऊस सुरू झाल्यावर टायमर कोण बंद करणार? अन् बोन्सायचं काय करू, ह्यांचा जीव त्या दोन ट्रेमध्ये आहे, कोणाला द्यायला तयार नाहीत.

नंदनवन_निवृत्त

वहिनी, झाडांचं होऊन राहिलं ते चांगलं आहे, मी घराचं सांगतो.

गच्चीवरच्या पावसाच्या पाइपची तोंडं साफ करून त्यावर गोल जाळी बसवा, अन् जुलैत कोणीतरी एकदा पाला काढला पाहिजे, नाहीतर स्लॅबवर पाणी तुंबते अन् तेच खाली झिरपते. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा एका रात्रीत कितीतरी घरांत पाणी शिरलं, तुमच्याकडे येईल असं नाही, पण कागदपत्रं, पुस्तकं, इन्व्हर्टर हे जमिनीवर ठेवून जाऊ नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरा, फुल चार्ज करा, निगेटिव्ह वायर काढून ठेवा, अन् शेजारच्यांना महिन्या-दीड महिन्यातून एकदा चार्जिंगला लावायला सांगा, रिकामी पडून राहिलेली बॅटरी खराब होते. मोटर अन् टायमरचा एमसीबी सोडून बाकी सगळे खाली. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार थोडं उघडं, मधात कपड्याचा बोळा घालून.

मोरी-बाथरूमच्या जाळीखाली जे पाणी थांबलेलं असते ते उन्हाळ्यात उडून जाते अन् मग गटारातली झुरळं सरळ वर येतात. निघताना त्यात चमचाभर खायचं तेल टाका, तेलाच्या थरानं पाणी लवकर उडत नाही, वरून जाळी प्लॅस्टिकने झाकून वीट ठेवा.

एप्रिलमध्ये सवयीनं वर्षाचे गहू भरू नका, पाच महिने डब्यात कोणी हात घालणार नाही, सोंडे होतील. फोनवर वर्षभराचा रिचार्ज अन् रोमिंग चालू करून जा, बँकेचे ओटीपी तिथे आले पाहिजेत. घराचा विमा असेल तर पॉलिसी वाचा, घर ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहणार असेल तर कळवायची अट काही पॉलिसींत असते. पोलीस स्टेशनला कळवून ठेवा, दूध-पेपर बंद, बस.

काटोलचा ठिबकवाला

काकू, मोटर हातानं असेल तर पंचवीस कुंड्यांचे रोजचे ३५-४० लिटर धरा, म्हणजे टाकी तीन आठवड्यांच्या वर पुरते. शेजारचे पंधरा दिवस गावाला गेले तरी अडणार नाही, फक्त निघताना भरून गेले पाहिजेत. त्या टाकीतून घरात जाणारा कॉक बंद करायला विसरू नका, एखादा नळ थेंब थेंब गळत असला तरी सगळा हिशोब बिघडतो.

टायमर पाऊस नीट लागला की बंद करायचा, आपल्याकडे साधारण जूनच्या मध्यानंतर. पण बंद म्हणजे कायमचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप पडतेच, कडक ऊन पडते अन् कुंडीतली माती लगेच सुकते. दादांना व्हिडिओ कॉलवर बटन दाखवण्यापेक्षा आताच दोनदा त्यांच्या हातानं चालू-बंद करून घ्या. उरलेल्या कुंड्या गच्चीच्या मधात नको, पूर्वेच्या कठड्याच्या कोपऱ्यात एकमेकीला खेटून, वरून ५० टक्के सावलीवाली हिरवी नेट, मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा वाळलेला पाला.

बोन्सायच्या ट्रेमध्ये माती चार बोटं, ती मे मध्ये दिवसाला दोनदा सुकते, टायमरच्या भरवशावर ठेवू नका. अंगणात निंबूच्या सावलीत जमिनीत खड्डा करा अन् ट्रे कडेपर्यंत मातीत पुरा, खालून छिद्रं मोकळी राहतील असं थोडी रेती टाकून. मुळं खाली मातीत जातील, परत आल्यावर कापून घेता येतात. मावशींना गच्ची चढायची नाही नं, मग हे खालचं काम त्यांना द्या, रोज सकाळी दोन मग.

संत्र्याचं विचारलं नाही तुम्ही, पण मला राहवत नाही. जुनं झाड आहे, त्याची मुळं लांबवर पसरलेली असतात. आमच्याकडे मृग बहारासाठी मे मध्ये पाणी तोडून मुद्दाम ताण देतात, काळ्या मातीत झाड पानं गाळते पण मरत नाही, जूनच्या पावसावर पुन्हा फुटते अन् फुलते. तुम्हाला एवढा ताण द्यायचं कारण नाही, मावशी दर दहा-बारा दिवसांनी चार बादल्या घालतील तर बास, पण खोडापाशी नाही, फांद्यांच्या टोकाखाली जिथं सावली संपते तिथं गोल आळं करून. पावसाळ्यात ते आळं मोडून टाकायला सांगा, खोडाशी पाणी साचलं की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, येतो. निघायच्या आधी खोडाला जमिनीपासून दोन-अडीच फूट बोर्डो पेस्ट लावा, मोरचूद, चुना अन् पाणी १:१:१० या मापात, अन् मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यातच कालवा, लोखंडाच्या नको. मृगाची फुलं धरली तर ऑक्टोबरात फळं हिरवीच असतील, फेब्रुवारी-मार्चला उतरतात, तोडायची घाई कोणी करू नये एवढं शेजारच्यांना सांगून जा.